बोईच्या पेशीतली चांदी

घणसोली गावाच्या पश्चिमेला, तिवरांपलीकडे ठाण्याची खाडी. तिथल्या बोईची गुणसूत्रं बघायची तर मासा जिवंत हवा. बर्फावरची बोई कालवणाला उत्तम, पण या कामाला निरुपयोगी. गुणसूत्रं सुटी दिसतात ती विभागणाऱ्या पेशीतच. म्हणून अभ्यासकाचं काम कोळ्याला भरती-ओहोटीची वेळ विचारण्यापासून सुरू होतं.

माशाला कोल्चिसिन टोचतात. पावसाळ्यात कोकणात फुलणाऱ्या कळलावीतही हेच विष असतं. त्यामुळे पेशीचं विभाजन मध्येच थांबतं. मग मूत्रपिंडातल्या पेशी पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात फुगवायच्या, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात स्थिर करायच्या, नि थेंब काचेवर सोडायचा. खरी कसोटी फुगवण्यात. कमी फुगल्या तर गुणसूत्रं एकमेकांवर चढतात. जास्त फुगल्या तर पेशी आधीच फुटते आणि मोजणी चुकते.

मुगिल सेफॅलस या बोईत ४८ गुणसूत्रं. सगळी एका टोकाशी सेंट्रोमिअर असलेली, लांबीतही जवळजवळ सारखी. जोड्या लावायच्या कशा? माणसाच्या गुणसूत्रांवर ट्रिप्सिन आणि गिम्सा वापरून जे जी-पट्टे ठळक उमटतात, ते माशांत क्वचितच धड उमटतात. सस्तन प्राण्यांच्या डीएनएत ए-टी आणि जी-सी यांचे लांबलचक वेगवेगळे टापू असतात, माशांत हा भेद पुसट असतो. नवखा विद्यार्थी ट्रिप्सिनची वेळ बदलत बसतो. दोष त्याच्या हाताचा नसतो.

बेरियम हायड्रॉक्साइड वापरून सी-पट्टे मिळतात, पण ते बहुतेक सेंट्रोमिअरभोवतीच.

या कलेतला सर्वांत देखणा टप्पा चांदीचा. हॉवेल आणि ब्लॅक यांनी १९८० मध्ये दिलेल्या पद्धतीत जिलेटिन, थोडं फॉर्मिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट काचेवर घालून ७० अंश सेल्सिअसला तापवतात. दोनेक मिनिटांत द्रावण सोनेरी-तपकिरी होतं. तेवढ्यात धुवायलाच हवं, नाहीतर सगळी काच काळी. फिकट पिवळ्या गुणसूत्रांवर रायबोसोमच्या जनुकांची जागा तेवढी काळ्या ठिपक्यांनी उमटते. मुगिल सेफॅलसमध्ये ती सर्वांत मोठ्या जोडीच्या टोकाला असते, तर भूमध्य समुद्रातल्या लिझा गटाच्या बोयांत सर्वांत छोट्या जोडीवर. एरवी सारख्या दिसणाऱ्या मांडणीत एवढा एक ठिपका दोन वंश वेगळे करून दाखवतो, हे दरवेळी थक्क करणारंच.

मात्र चांदी बसते ती विभाजनाआधीच्या टप्प्यात कामावर असलेल्या जनुकांपाशीच. जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर ठिपका दिसला, तर दुसऱ्यावर जनुकं नाहीत असं म्हणता येत नाही. जाणता अभ्यासक अनेक पेशी, अनेक मासे तपासतो आणि क्रोमोमायसिन ए३ या चमकत्या रंगाने तीच जागा पुन्हा पडताळतो. हा रंग जी-सी भरपूर असलेल्या डीएनएवर बसतो, आणि माशांत रायबोसोमच्या जनुकांचा भाग बहुधा तसाच असतो.