पौषातली सहल

एसटीच्या ड्रायव्हरचं काम सगळं जग बघतं, फक्त दुसरा ड्रायव्हर बघत नाही. केबिनमध्ये आम्ही एकटेच. आगारात भेट होते ती गाडी ताब्यात देता-घेताना, "क्लच जरा जड आहे, बघून घे" एवढ्यापुरती. एकाच घाटात वर्षानुवर्षं गाड्या घालणाऱ्या दोघांना एकमेकांचा हात ठाऊक नसतो. १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी किसन राऊत यांनी चालवली, हे आम्हाला पाठ आहे. पण ते वळण कसं घेत, हे आम्हाला कोण सांगणार? म्हणून संघटनेची सहल मला तिच्या सभांपेक्षा मोलाची वाटते.

सहल निघते पौषात. कोकणात गणपती, शिमगा आणि मे महिना म्हणजे जादा गाड्या. तेव्हा रजेचं नाव काढायचं नाही. पौषात लग्नं नसतात, गर्दी ओसरलेली असते. प्रासंगिक करारावर आपल्याच आगाराची गाडी घ्यायची, रीतसर पैसे भरून. यंदा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कोयनानगर. ड्युटी लागली नव्याने भरती झालेल्या एका पोराची.

पोफळीपर्यंत भेंड्या चालल्या, लाडवांचे डबे फिरले. घाट लागला तशी पुरुष मंडळी आपोआप गप्प झाली. मागून सूचना करायची नाही हा आमचा नियम. पण वळण आलं की प्रत्येकाचा उजवा पाय जागच्या जागी दाबला जात होता. मी मुद्दाम मागच्या लांब सीटवर बसलो होतो. ही सीट मागच्या चाकांच्याही मागे. केबिनमध्ये जो नुसता हादरा वाटतो, तो इथे माणसाला सीटवरून उचलतो. वळणावर गाडीचं बूड बाहेर जातं ते पोटात कळतं. बायकोने विचारलं, "अहो, तुमच्याही गाडीत मागे असंच होतं?" होतं. हात चांगला असला तर कमी होतं. पोराचा हात चांगला होता. गियर वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात नाही. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

कोयनेचं पाणी ज्या डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं, तोच डोंगर आम्ही वरून चढून आलो होतो. नेहरू उद्यानात जेवणं झाली आणि खरी सहल सुरू झाली. निवृत्तीला आलेले अण्णा त्या पोराला म्हणाले, "उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नको. ड्रम तापले की लायनर धरत नाहीत. आणि सारखा ब्रेक मारलास की टाकीतली हवा उतरते, काट्यावर नजर ठेव. ज्या गियरने चढलास त्याच गियरने उतर."

पोराने विचारलं, "श्रावणातल्या धुक्यात काय करू, अण्णा?"

"अप्पर मारू नको, उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपरवर चल. बाजूची काच उघडी ठेव, पाऊस आत आला तरी चालेल. वळणापलीकडची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते."

हे अण्णांनी कुणाकडून घेतलं असेल? विचारलं, तर त्यांनाही नक्की आठवेना. अशा सहली महिन्या-दोन महिन्यांनी व्हायला हव्यात, असं मी तिथेच सेक्रेटरींना सांगितलं. ते शक्य नाही, माणसं सोडता येत नाहीत.

पुढच्या पौषात आंबा घाट घ्यायचं चाललंय. गाडी चालवायला मी नाव दिलंय. मागे सगळे जाणकार बसलेले असताना मला तो घाट उतरायचा आहे, आणि जेवणानंतर कोण काय म्हणतं ते ऐकायचं आहे.