बरीदशाही बागेस, मुडबीहून पत्र

आदरणीय बागबाई,
सा. न. वि. वि.

इकडे मुडबीत सर्व क्षेम. तूर फुलोऱ्यात आली आहे, आभाळ तेवढं निवळायला हवं.

प्रथम तुमचे आभार. अली बरीदनं 1577 साली आपली कबर बांधून घेतली, चारी बाजूंनी कमानी मोकळ्या ठेवल्या आणि भोवती चारबाग आखली. सुलतानासाठी केलेली ती जागा आज बिदरच्या लेकराबाळांची झाली. आम्हीही कामानिमित्त बिदरला आलो की भाकरी-शेंगाचटणी बांधून तुमच्याकडे येतोच. मागच्या खेपेला धाकटी मुंगळ्यांच्या रांगेपाशी उकिडवी बसली. एक मुंगळा मेलेला किडा ओढत होता. तो बिळात शिरेपर्यंत पोरगी जागची हलली नाही. घरी हिला ताटापुढे मोबाईल लागतो.

आता तक्रार. तुम्ही शहरांच्याच वाट्याला का येता? खेड्याला बाग कशाला, चहूकडे रानच आहे, असं लोक म्हणतात. रान आहे, पण ते कुणाचं तरी आहे. त्यात पीक उभं असतं, फवारणी चालते, बांधाला तार असते. पोरांनी हक्कानं हुंदडावं अशी सगळ्यांची जागा कुठली? आम्ही गायरानात सूरपारंब्या खेळलो, हरवलेली विटी दिवेलागणीपर्यंत शोधली. आता गावोगावची गायरानं आक्रसली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा असं सगळ्या राज्यांना बजावलं, तरीही.

हा नुसता खेळाचा हट्ट नाही. तैवाननं 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 2 तास उघड्यावर काढायला सुरुवात केली. त्याआधी वर्षानुवर्षं वाढत गेलेलं अधू नजरेच्या मुलांचं प्रमाण 2012 नंतर उतरू लागलं. लख्ख उजेडात वावरलं की वाढत्या वयात डोळा लांबत जाण्याला आळा बसतो, म्हणून. आमच्याकडे उजेडाला काय तोटा? पोरं तेवढी घरात.

आणि मागितलं तर मिळतंही. बेंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी दवाखान्याला दिली, तेव्हा रहिवासी कोर्टात गेले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

म्हणून विनंती, तुमची एक धाकटी बहीण मुडबीला धाडा. तिला कारंजी नकोत, रंगीत फरशी नको. वड, चिंच, कडुनिंब असावेत. लगोरी-खोखोला पटांगण, लहानग्यांना मातीचा ढीग आणि म्हाताऱ्यांना पार असावा. ‘गवतावर चालू नये’ ही पाटी मात्र तिच्याबरोबर पाठवू नका. जागेसाठी ग्रामसभेत आम्ही उभे राहू, रोपांना पाळीपाळीनं पाणी घालू.

होकार उन्हाळ्याआधी कळवावा. मिरगाला रोपं लावायची तर खड्डे आधीच खणून तापू द्यावे लागतात.

आपला,
एक मुडबीकर