घोडीचा साबण

जी वस्तू माणसाला मानवते ती घरातल्या जनावरालाही मानवेल, असा समज आपल्या खेड्यांतून फार जुना आहे. त्यामागे माया असते, यात शंका नाही. आपण डोक्याला खोबरेल लावतो, तर सणाच्या दिवशी बैलाच्या शिंगांनाही लावतो. मुलाच्या खरचटल्या गुडघ्यावर हळद चेपतो, तर शेळीच्या पायावरही तीच चेपतो. बहुतेक वेळा त्यातून काही बिघडत नाही, आणि म्हणून तो समज टिकून राहतो. आमचा मात्र तो समज वयाच्या तेराव्या वर्षी गेला. त्याची किंमत आमच्या वडिलांनी भरली, आणि त्यांच्याहून अधिक एका मुक्या घोडीने भरली.

आमचे वडील टांगा हाकीत. खानापूर स्टेशनावर गाडी आली की उतारू घ्यायचे आणि आसपासच्या गावी पोहोचवायचे, हा आमच्या घरचा चरितार्थ. घोडीचे नाव चांदी. रंगाने पांढरी, नाकपुड्यांभोवती गुलाबी, स्वभावाने इतकी गरीब, की आम्ही लहानपणी तिच्या पोटाखालून रांगत गेलो तरी ती पाय उचलीत नसे. वडिलांची तिला राखण्याची रीत ठरलेली होती. सकाळी कोरडा खरारा करावयाचा. मग गवताची जुडी वळून तिने सर्व अंग चोळावयाचे. खुरांतील माती बोथट सळईने टाचेकडून पुढे काढावयाची. संध्याकाळी टांगा सुटला म्हणजे घामाच्या जागांवर साध्या पाण्याचा हात फिरवावयाचा आणि अंग सुकेपर्यंत तिला सावलीत हिंडवावयाचे. साबण त्यांनी तिला कधी लावला नाही. आम्ही एकदा कारण विचारले, तेव्हा पट्ट्याखाली जमलेल्या घामाच्या पांढऱ्या फेसाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "अरे, तिचा साबण तिच्या अंगातच आहे." आम्हांला ते खरे वाटले नाही. साबणाला पैसे पडतात म्हणून वडील असे म्हणत असावेत, असा आम्ही मनातल्या मनात अर्थ केला, आणि आमच्या गरिबीची आम्हांला थोडी लाजही वाटली.

१९६८ सालच्या मे महिन्यात आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. नवरी आपल्याच टांग्यातून चर्चला जाणार होती. लग्नाच्या आदल्या दिवशी घरात पाहुण्यांची गर्दी झाली होती, वडील सामानासाठी बाजारात गेले होते, आणि चांदीला सजविण्याचे काम आमच्याकडे आले. शेणाने पिवळे पडलेले तिचे मागचे पाय आणि शेपूट पाहून आमच्या मनाने घेतले, की नवरीच्या साडीसारखीच घोडी शुभ्र दिसली पाहिजे. आम्ही कपडे धुण्याचा साबण घेतला, त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा मिसळला, आणि नारळाच्या काथ्याने तिला मानेपासून खुरापर्यंत घासून काढले. विहीर तळाला गेलेली; दोन बादल्यांत जेवढे निघेल तेवढा फेस काढला. मग शेपटीला नीळ दिली. तेवढ्यानेही समाधान होईना. बहिणीच्या नव्या पेटीत एक सुगंधी साबणाची वडी होती. मामांनी तिला मुद्दाम बेळगावहून आणून दिलेली. ती आम्ही हळूच काढली आणि चांदीच्या मानेला व पाठीला लावली. शेवटी अंगाला चकाकी यावी म्हणून वाटीभर खोबरेल चोळले. दिवस मावळताना घोडी खरोखरच चांदीसारखी दिसत होती. शेपूट तेवढी किंचित निळसर झाली होती.

त्या रात्री गोठ्याच्या खांबावर अंग घासण्याचा आवाज आम्ही अंथरुणात पडून ऐकला. डास चावत असतील, असे म्हणून कूस बदलली.

सकाळी साज चढविला, नवरी टांग्यात बसली, आणि आम्ही निघालो. ऊन चढू लागले. अर्धी वाट सरली असेल, तोच चांदी थबकली. वडिलांनी चुचकारले, ती चार पावले चालली आणि पुन्हा उभी राहिली. तिने कधी अडून दाखविले नव्हते. वडील खाली उतरले, पाठीवरची गादी त्यांनी उचलून पाहिली आणि काही न बोलता साज सोडावयास लागले. गादीखालचे कातडे लालभडक झाले होते. तळहाताएवढ्या जागेवरचे केस जाऊन पाणी सुटले होते. छातीवरच्या पट्ट्याखालीही तसेच. मग आमचे मामा आणि दोघे चुलतभाऊ, लग्नाचे नवे कपडे घातलेले, टांग्याच्या दांड्यांना लागले, आणि नवरीचा टांगा माणसांनी ओढीत चर्चच्या दारात नेला. मागून वडील चांदीचा दोर धरून पायी चालत आले. लोक हसले, कोणी टाळ्याही वाजविल्या. लग्नात अशी गंमत खपून जाते. आम्हांला मात्र मिस्साभर मान वर करवली नाही.

जेवणे आटोपल्यावर वडिलांनी आम्हांला गोठ्यात बोलाविले. "काय लावलेस तिला?" आम्ही म्हणालो, "काही नाही. पाण्याने धुतली." वडिलांनी आमच्याकडे पाहिले नाही. त्यांनी चांदीच्या मानेवर नाक टेकविले आणि तसेच क्षणभर उभे राहिले. मानेला बहिणीच्या साबणाचा वास येत होता. ते एवढेच म्हणाले, "बरे." इकडे आईने पेटी आवरताना साबण कोठे गेला म्हणून विचारले, तर बहिणीने आमच्याकडे एकदा पाहून सांगितले, "मीच कोठे तरी ठेवला असेल." ती त्याच दिवशी सासरी गेली. तिचे ते खोटे आमच्या खोट्यापेक्षा आम्हांला अधिक लागले. त्या रात्री वडिलांजवळ जाऊन आम्ही सोड्यापासून खोबरेलापर्यंत सर्व काही सांगितले. त्यांनी मारले नाही. "आता तूच तिला बरी कर," असे म्हणाले.

पाच आठवडे टांगा उभा राहिला. लग्नाचे कर्ज डोक्यावर, आणि वडील परक्याच्या खळ्यावर मजुरीला जाऊ लागले. गावातले म्हातारे नालबंद चाचा आम्हांला रोज काय करावयाचे ते सांगत. पाणी उकळून निववावे, त्यात मीठ घालावे, स्वच्छ फडक्याने जखम भिजवून धुवावी आणि मोकळी ठेवावी. तेल नको, राख नको, आणि खपली आपली आपण पडू द्यावी. जखम भरत आली तेव्हा त्यांनी गादीच्या आतल्या बाजूस नेमके त्या जागी भोक पाडून दिले, म्हणजे दाब भोवतालच्या निरोगी कातड्यावर पडावा. नव्या कातडीवर केस आले, पण त्या घोडीच्या पाठीवर एक वेडीवाकडी खूण शेवटपर्यंत राहिली.

हे सर्व का घडले, ते आम्हांला पुष्कळ वर्षांनी, आमचा मुलगा पशुवैद्यक झाल्यावर समजले. पदार्थाची आम्लता मोजण्याचे जे परिमाण आहे, ज्याला शाळेच्या पुस्तकांत सामू म्हणतात, त्यात ७ हा आकडा मध्यावरचा. माणसाचे कातडे त्या मानाने आंबट, साधारण साडेपाचाच्या आसपास; घोड्याचे जवळजवळ मध्यावर; आणि धुण्याचा साबण दुसऱ्या टोकाकडे, ९ ते १०. असा साबण कातडीवरचा नैसर्गिक तेलकटपणा ओढून घेतो. तो नीट धुऊन न काढता वर सोडा, तेल, धूळ, घाम आणि गादीचा दाब यांची भर पडली, तर कातडे टिकावे कसे?

त्याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच होती. घोड्याच्या घामात एक विशेष प्रथिन असते. शास्त्रज्ञांनी त्याला लॅथरिन असे नाव दिले आहे. ते साबणासारखेच काम करते. घोड्याचे केस दाट आणि तेलकट असल्यामुळे घाम एरवी कातडीपाशीच अडकून पडला असता. लॅथरिनमुळे तो केसांच्या टोकांपर्यंत पसरतो, वाऱ्याने उडून जातो आणि धावणाऱ्या जनावराचे अंग थंड राहते. पट्ट्याखाली घर्षणाने दिसणारा पांढरा फेस तो हाच. मुलाने हे सांगितले तेव्हा वडील हयात नव्हते. आम्ही उठून अंगणात गेलो. एका निरक्षर टांगेवाल्याने गोठ्यात उभे राहून सांगितलेली गोष्ट अक्षरशः खरी होती, आणि आम्ही तिला गरिबीचे निमित्त समजलो होतो.

आता टांगे दिसेनासे झाले, तरी वरातीसाठी किंवा शर्यतीच्या हौसेने घोडी पाळणारी माणसे आपल्या भागात आहेत. ती घरातल्या वस्तू वापरणारच, आणि सर्वच वस्तू वाईट नाहीत. मिठाचे पाणी आजही उत्तम; लिटरभर निवालेल्या पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ पुरे. जुना दात घासण्याचा ब्रश लगामाच्या कड्या साफ करण्यास फार उपयोगी. खोबरेल आयाळीला आणि शेपटीला लावावे, बोटांनी गुंता सोडवावा. मात्र साजाखाली येणाऱ्या जागेवर त्याचा थेंबही नको. धुणे भागच असेल, तर लहान मुलांचा सौम्य शॅम्पू पुष्कळ पाण्यात मिसळून लावावा आणि निथळणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. पाणी कमी असेल तर साबणाला हात लावू नये. अमेरिकेत तर उलटाच प्रकार झाला आहे: घोड्यांच्या आयाळीसाठी निघालेला 'मेन एन टेल' नावाचा शॅम्पू तेथील माणसेच आपल्या केसांना लावू लागली.

रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली ज्याचे पेटंट घेतले ते व्हॅसलीन पावसाळ्यात उपयोगी पडते, पण क्रम पाळला तरच. पाय धुवावेत, पूर्ण कोरडे करावेत, आणि मगच टाचेच्या खळग्यात पातळ थर द्यावा, म्हणजे चिखल लागत नाही. ओल्या, भेगाळलेल्या जागेवर थापल्यास ओल आतच कोंडते. घरचे थर्मामीटरही घोड्यासाठी वेगळे काढून ठेवावे. त्याला दोरी बांधावी, टोकाला व्हॅसलीन लावावे, आणि घोड्याच्या बाजूस उभे राहून शेपटीखाली ताप पाहावा. निरोगी घोड्याचा पारा साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असतो. रॉकेल, फिनेल, मोटारीचे जळके तेल आणि केसांचा कलप मात्र गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवावेत. जखमेवर फेस काढणारे पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा ओतल्याने नव्याने भरणारे मांसही मरते. आणखी एक ध्यानात असू द्यावे: घोड्याला ओकता येत नाही. अंगाला लावलेले जे तो चाटील, ते पोटात गेले म्हणजे गेले.

शंका आली तर प्रथम लहानशा जागेवर लावून एक दिवस थांबावे, आणि डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा मानू नये. आमच्या घोडीला त्या दिवशी शुभ्र व्हावयाचे नव्हते. ती हौस आमची होती.

बहीण आता नातवंडांत रमली आहे. दर नाताळास तिच्याकडून फराळाच्या डब्याबरोबर एक सुगंधी साबणाची वडी येते, आणि वर तिच्या हातची चिठ्ठी असते: "हा तुझ्यासाठी आहे, घोडीसाठी नव्हे."