नेरळचा वैशाख

माथेरानास जाणाऱ्या मंडळींना नेरळ ठाऊक असतें तें गाडी बदलण्याचें ठिकाण म्हणून. मुंबईहून ८६ किलोमीटर येऊन उतरावें, घाम पुसावा आणि डोंगराकडे तोंड करावें, एवढाच त्या गांवाशीं त्यांचा संबंध. सन १९०७ मध्यें आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानें दोन फुटी रुळांची गाडी येथून वर नेली, आणि तेव्हांपासून नेरळाकडे पाठ फिरविण्यासाठींच लोक नेरळास येतात. आम्ही मात्र गेलीं कांहीं वर्षें वैशाखाचे दिवस पायथ्याशींच काढीत आलों आहों. याचें श्रेय आमच्या हौसेस नाहीं. आमच्या आत्याबाईंचें घर तेथें आहे, आणि ऐंशीच्या घरांत पोंचलेल्या आत्याबाईंना आतां डोंगर चढवत नाहीं. "वर थंड असेल हो, पण वर माझें कोण आहे?" असें त्या विचारतात. या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नसल्यामुळें आम्ही खालींच राहतों.

कोंकणांत इतकें तापावें कां, असा प्रश्न पुण्याकडील वाचकांस पडेल. नकाशा पाहिला तर नेरळापासून उघडा समुद्र सरळ रेषेंत पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. दुपारीं जमीन तापली कीं तिच्यावरील हवा वर उठते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घेण्यास आंत शिरते. मुंबईकरांची दुपार सुसह्य होते ती या वाऱ्यामुळें. परंतु नेरळ आणि समुद्र यांच्यामध्यें खुद्द माथेरानचा डोंगर उभा आहे. हा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेस सरकलेला असल्यानें एका अंगास तो, दुसऱ्या अंगास भीमाशंकराकडील कडे आणि मध्यें उल्हास नदीचें खोरें, अशी ही एक मोठी परात झाली आहे. तिच्या तळाशीं नेरळ वसलें आहे. समुद्राचा वारा या परातींत उतरेपर्यंत थकलेला असतो. आत्याबाईंच्या ओटीवर त्याची चाहूल लागते ती बहुधा दिवेलागणीस.

कांहीं दिवशीं तर तो येतच नाहीं. मार्च-एप्रिलांत पूर्वेचा वारा बळावला म्हणजे देशावरची कोरडी हवा घांट उतरून खालीं येते. उतरतांना ती दाबली जाते आणि दाबली गेली कीं तापते. कोरडी हवा हजार मीटर उतरली तर सुमारें १० अंशांनीं तापते असें शास्त्र सांगतें. म्हणजे लोणावळ्यास जी हवा नुसती उष्ण, तीच कर्जतेस येईतों सहा अंशांनीं अधिक तापलेली असावयाची. अशा दिवशीं कर्जत-नेरळाकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. याच जिल्ह्यांत घांटाच्या पायथ्याशीं असलेल्या भिऱ्यास मार्च २०१७ मध्यें ४६.५ अंशांची नोंद झाली, तेव्हां अनेकांनीं त्या यंत्रावरच संशय घेतला होता. खुद्द माथेरानास, आठशें मीटरांच्या उंचीमुळें, नेरळाहून सुमारें पांच अंश कमीच. शिवाय तेथें झाडांची सावली आहे.

तथापि नुसत्या पाऱ्यावर विसंबूं नये. सन २०२३ च्या १६ एप्रिलास, या डोंगरांच्या पलीकडे खारघर येथें, उघड्या मैदानावर भरलेल्या मोठ्या समारंभांत उन्हानें १४ माणसें दगावलीं. त्या दिवशीं पारा अडतिसाच्या आसपास होता. विदर्भांतील मनुष्य त्यास उन्हाळाही म्हणणार नाहीं. परंतु दमट हवेंत घाम वाळत नाहीं, आणि घाम वाळला नाहीं तर शरीर निवण्याचा मार्गच खुंटतो.

हें सर्व आम्ही वाचून जाणत होतों. घरीं मात्र त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. आत्याबाईंचे दीर तात्या, वय अठ्ठ्याहत्तर, एके दिवशीं दुपारीं बाराच्या उन्हांत पासबुक भरून आणण्यास निघाले. आत्याबाई म्हणाल्या, "भाऊजी, उन्हं उतरल्यावर जा." तात्या म्हणाले, "वहिनी, सारा जन्म या उन्हांत गेला." आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकें वर केलें नाहीं, हें येथें कबूल करणें भाग आहे. तासाभरानें एका रिक्षावाल्यानें तात्यांना उचलून ओटीवर आणलें. अंग भाजत होतें, कातडी कोरडी पडली होती, आणि ते आम्हांला आमच्या वडिलांच्या नांवानें हांक मारीत होते. घरांतील मंडळी कैरीचें पन्हें घेऊन धांवली. शेजारचे डॉक्टर वेळीं पोंचले म्हणून बरें. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडांत कांहीं घालूं नका, श्वासनलिकेंत जाईल, असें त्यांनीं दटावून सांगितलें. कपडे सैल करून ओलीं धोतरें अंगावर टाकलीं, काखेंत आणि मानेशीं गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, पंखा लावला, आणि त्याच स्थितींत त्यांना रुग्णालयांत नेलें. तिसऱ्या दिवशीं तात्या घरीं आले. ते बचावले याचें श्रेय त्या पहिल्या अर्ध्या तासास आहे, असें डॉक्टर म्हणाले. पन्हें घाम येत असतांना, माणूस धड बोलत असतांना घ्यावयाचें. आमच्या घरीं तें औषध म्हणून जपून ठेवलें होतें.

त्यानंतर तात्यांचे सारे दिवस ओटीवर गेले. "आमच्या लहानपणीं रात्री तरी गार असत," असें ते दररोज म्हणत. वृद्धांचें हें पालुपद सर्वत्र ऐकूं येतें म्हणून आम्ही तें प्रथम कानाआड केलें. पण मग आजूबाजूस पाहिलें. कौलारू घरें जाऊन सिमेंटचे मजले उभे राहिले आहेत. दिवसभर प्यालेलें ऊन ते रात्रभर ओकतात. आत्याबाईंच्या घराच्या अर्ध्या भागावर अजून कौलें आहेत आणि मंडळी निजावयास तेथेंच गर्दी करतात.

उन्हें कलल्यावर आम्ही उल्हासाच्या बाजूस फिरावयास जात असूं. बहाव्याचे पिवळे घोस, राब भाजल्याचा वास, आणि भर वैशाखांत वाहती नदी! या वाहण्याची हकीकत मोठी मौजेची आहे. घांटमाथ्यावर मावळांत आंध्रा नदीस ठोकरवाडीचें धरण आहे. तेथलें पाणी एरवीं भीमा-कृष्णेच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जावयाचें. तें टाटांनीं अडवून, पंधराशें फुटांहून अधिक खालीं भिवपुरीस उतरवून, १९२२ पासून त्यावर वीज काढली. यंत्रांतून सुटलेलें पाणी उल्हासास मिळतें, आणि त्यावर राजनाला कालव्याच्या आधारें कर्जत तालुक्यांत उन्हाळी भात पिकतो. सभोंवतीं करपलेल्या डोंगरांच्या मध्यें ती हिरवी पट्टी पाहून डोळे निवतात.

डोंगराच्या उतरणीवरील ठाकरवाड्यांत मात्र हें पाणी चढत नाहीं. माथेरानाकरितां तें पंपानें चढवितात, कारण तेथील शार्लट तलाव पर्यटकांच्या गर्दीस पुरा पडत नाहीं. ज्या डोंगरावर वर्षाला पांच हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो, त्याच्याच कुशींतल्या बायका वैशाखांत ओढ्याच्या कोरड्या पात्रांत डवरे खणून वाटीवाटीनें हंडा भरतात. कातळ पाणी धरीत नाहीं, हें कारण खरें आहे. पण तोच कातळ माथेरानालाही आहे. आत्याबाईंकडे करवंदें घेऊन एक ठाकरीण येई. पैशांच्या आधीं ती पाण्याच्या दोन बाटल्या पुढें करी. आत्याबाई त्या भरून देत आणि वर तांब्याभर पाणी तिच्या ओंजळींत घालीत.

वळिवाची वाट सगळेच पाहतात, पण त्याचा भरंवसा राहिलेला नाहीं. सन २०२५ मध्यें तर मोसमी पाऊसच २६ मे रोजीं मुंबईस येऊन ठेपला. इतक्या लवकर आल्याची पूर्वीं नोंद नव्हती. त्या वर्षीं जांभळें झाडावरच कुजलीं, असें ठाकरीण सांगत होती.

आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशीं सायंकाळीं भीमाशंकराच्या बाजूस आभाळ काळवंडलें. धुळीचा एक लोट गल्लींतून गेला, दिवे गेले, आणि मोठाले थेंब कौलांवर वाजूं लागले. तात्यांनीं ओटीवरून दोन्ही हात पावसांत धरले. "भाऊजी, आंत या," आत्याबाई म्हणाल्या. या वेळीं तात्या लगेच उठले. ओले हात मात्र त्यांनीं पुसले नाहींत.