कोपऱ्यातला गडी

दोन श्रेष्ठांची तुलना करताना आपण नेमके काय मोजतो, हा प्रश्न खरे तर मला साहित्याच्या वर्गात पडायला हवा होता. तो पडला डोंबिवलीच्या घरी, दूरचित्रवाणीसमोर, वडिलांशी वाद घालताना. वादाचा विषय होता कबड्डीतला डावा कोपरारक्षक. फझल अत्राचली थोर की मोहम्मदरझा शादलुई? दोघेही इराणचे, दोघांचीही ओळख डाव्या कोपऱ्याची, आणि दोघेही बचावाच्या जागेवरून चढाईपटूंना धडकी भरवणारे. मी शादलुईच्या पक्षाचा, बाबा फझलच्या.

ज्यांचा या खेळाशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कबड्डीत बचाव म्हणजे नुसती राखण नव्हे. पकड यशस्वी झाली की बचाव करणाऱ्या संघाला गुण मिळतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील तर त्या पकडीचे दोन गुण, आणि तिला म्हणायचे अव्वल पकड. पण झेप चुकली, चढाईपटू निसटून मध्यरेषेला टेकला, की ज्याने हात घातला तो बाद, आणि त्याच्या मदतीला धावून ज्यांचा स्पर्श झाला तेही बाद. म्हणून कोपऱ्यातल्या गड्यापुढे प्रत्येक चढाईत एकच प्रश्न असतो : पुढे व्हावे की थांबावे?

शादलुई पुढे होतो. चढाईपटूचा पाय पूर्ण आत येण्याआधीच तो झेपावतो. कधी अंगलट येते, पण पुढच्या चढाईला तो पुन्हा तितक्याच आवेशाने जातो. २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. त्या हंगामात त्याने पकडीचे ९९ गुण मिळवले आणि मार्च २०२४मध्ये पुण्याने प्रथमच विजेतेपद पटकावले. पुढच्या हंगामात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला, तर विजेतेपद हरियाणाकडे गेले. फझलचा स्वभाव वेगळा. तो चढाईपटूला आत येऊ देतो, त्याला जागा आहे असे वाटू देतो, आणि मग दार लावून घेतो. प्रो कबड्डीत पकडीच्या गुणांची पाचशेची मजल सर्वप्रथम त्यानेच गाठली. २०१८च्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवले, तेव्हा आपल्या संघात ठाण्याचा गिरीश इरनाकही होता, तोही डाव्या कोपऱ्याचाच. घरात सगळे हळहळत होते. बाबा मात्र इराणचा बचाव पाहत म्हणाले, "बघ, कोणी घाई करत नाहीये."

घाई या शब्दाला आमच्या घरी एक इतिहास आहे. अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळी करून बाबा मातीच्या मैदानात खेळत. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गावांतल्या जत्रांमध्ये, रात्रीच्या दिव्यांखाली, ते डावा कोपरा सांभाळत. एका अंतिम सामन्यात एका गुणाची आघाडी होती आणि शेवटची चढाई चालू होती. नुसते उभे राहिले असते तरी सामना जिंकला होता. बाबांनी पट काढायला झेप घेतली. चढाईपटू निसटला, बाबांबरोबर आणखी एक गडी बाद झाला, सामना गेला. त्या गावचा कोणी लग्नाकार्यात भेटला की आजही तीच झेप सांगतो. त्यांनी हात न घालता परतवलेल्या शेकडो चढाया कोणालाच आठवत नाहीत, कारण त्या कोणी लिहून ठेवल्याच नाहीत. गुणपत्रिकेत रिकाम्या चढाईपुढे कोणाचेच नाव नसते.

आता नियम बदलला आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे थांबण्याला अखेर मोल आले. पण ते संघाच्या खात्यात जाते, थांबणाऱ्याच्या नाही. म्हणूनच बाबा सामना पाहताना वर्तमानपत्राच्या समासात आपली वेगळी नोंद करतात : फझलच्या कोपऱ्याकडे येऊन किती जण हात न लावता परतले.

मला तो युक्तिवाद पटला होता, कारण तो माझ्या धंद्यालाही लागू पडत होता. समीक्षकही बहुधा कवीने साधलेल्या प्रतिमा मोजतो. त्याने टाळलेल्या प्रतिमा कशा मोजणार? तरी पारख करून पाहावी म्हणून गेल्या हिवाळ्यात कल्याणजवळच्या एका मैदानात मुलांचे सामने पाहायला गेलो आणि बाबांसारखीच नोंद करू लागलो. दुसऱ्या सामन्यातच अडलो. समोरचा मुलगा कोपऱ्यापाशी जाऊन परतला खरा. पण तो कोपरारक्षकाच्या दबावामुळे परतला, की स्वतःच्या भीतीमुळे, की संघाकडे आघाडी होती म्हणून वेळ काढत होता? प्रत्येक रेघ ओढताना मी एक अर्थ लावत होतो, आणि तो दर वेळी मला हवा तोच निघत होता.

घरी येऊन बाबांना हे सांगितले. वाटले, ते रागावतील. ते हसले. म्हणाले, "अरे, मला तरी कुठे कळायचं? समोरचा परत गेला की वाटायचं, आपल्यामुळे गेला. त्याच्यावरच तर पुढची चढाई निभायची."

मग शादलुईचे काय, मी विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. "त्याची झेप चुकते ना, तेव्हा तो लगेच उठून हसतो," ते म्हणाले. "मी त्या रात्रीनंतर दोन वर्षं पट काढला नाही. लोकांना वाटलं, गडी आता शहाणा झाला."

समासातल्या त्या रेघांत संयम किती होता आणि भीती किती, हे आता सांगता येणार नाही. तुलना मी सोडलेली नाही. वर्गात तर ती रोजच करावी लागते. पण कोणाला संयमी म्हणण्यापूर्वी आताशा मी थोडा थबकतो.