रस्त्याच्या अलीकडे फायबर

फायबरची कंपनी शहरात उतरते, त्याच्या आधी एक माणूस गल्लोगल्ली पायी फिरून गेलेला असतो. वाशीममध्ये काही महिने ते काम माझ्याकडे होतं. कंत्राटदाराने मोबाइलवर एक फॉर्म दिला होता. घर पक्कं की टिनाचं, किती मजले, दारात चारचाकी आहे का, एसी दिसतो का, विजेचा खांब किती दूर. घरात शिकणारं कुणी आहे का, हे विचारणारा रकाना त्यात नव्हता.

लाखाळा, सिव्हिल लाइन्स, आययुडीपी कॉलनी इथे फॉर्म भराभर भरत गेले. रुंद रस्ते, ओळीने खांब, फाटकावर नावाची पाटी. शिक्षक, बँकवाले, डॉक्टर मला थांबवून विचारायचे, लाइन कधी सुरू होणार? जुन्या पेठांमध्ये आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्येही लोक हेच विचारत होते, पण त्यांच्या विचारण्याला फॉर्ममध्ये जागा नव्हती. तिथे माझ्या बहुतेक रकान्यांत ‘नाही’ पडायचं.

एका गल्लीत शिलाई मशीनवर बसलेल्या ताईंनी मला हाक मारली. ‘‘भाऊ, थे वायर आमच्याकडे काऊन नाही येत? पैसे तं आम्हीबी देऊ ना.’’ त्यांचा मुलगा पॉलिटेक्निकला होता. वडील हमालीला जाताना फोन घेऊन जायचे, म्हणून त्याचा अभ्यास रात्री. दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत संपला, तर तोही नाही. मी त्यांची मागणी शेऱ्यात लिहिली. महिन्याभराने नकाशा आला. केबल मुख्य रस्त्यापर्यंत येऊन कॉलनीच्या बाजूला वळली होती. ताईंची गल्ली रस्त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर.

हे कुणी आकसाने केलं, असं मी म्हणत नाही. हिशेब साधा असतो. खांबांवरून केबल ओढायची, तिचे जोड म्हणजे स्प्लायसिंग करायचं, लाइन वाटून देणारा स्प्लिटरचा डबा बसवायचा. एका डब्यातून आठ किंवा सोळा घरांना लाइन देता येते. डब्याची बहुतेक तोंडं भरली, की खर्च लवकर निघतो. दोन-तीनच भरली, तर पैसा अडकतो. म्हणून जिथे डबा भरेल असं वाटतं, तिथे कंपनी आधी जाते. माझा आक्षेप ‘वाटतं’ या जागी आहे. गाडी आणि एसी पाहून अंदाज बांधला, की कोण पैसे देईल याचं उत्तर आधीच ठरून जातं. विचारावं लागतच नाही.

कामावरच्या साहेबांचं म्हणणं असायचं, पेठांमध्ये सगळ्यांकडे मोबाइल आहे, वायर कशाला? मला हे कधीच पटलं नाही. लाखाळ्यातल्या घरांतही प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि तरी त्यांना वायर हवी असते. २०२५च्या सप्टेंबरपासून लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा पेठेच्या गल्ल्यांतल्या बाया मोबाइल असूनही सेवा केंद्राबाहेर रांगेत बसलेल्या मी पाहिल्या. कुणाची मजुरी बुडाली होती, कुणाच्या कडेवर लेकरू होतं.

मग मी कायदा वाचायला घेतला. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के वाटा २००२पासून एका निधीत जातो. बाजार जिथे जात नाही तिथे फोन पोहोचावा, हा त्याचा हेतू. त्याच पैशातून २०११मध्ये मंजूर झालेली, पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना उभी राहिली. तिने ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायचं ठरवलं, आणि ते योग्यच होतं. पण पेठेतली गल्ली ग्रामपंचायतीत येत नाही, ती नगर परिषदेत येते. सरकारी योजनेसाठी ती शहर आणि कंपनीसाठी ती गरीब. दोघांच्या मधल्या फटीत माणसं राहतात, हे मला फिरल्यावरच कळलं.

वाशीम २०१८पासून केंद्राच्या यादीत आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेला, जिल्हा आहे. राज्यात असे चारच. नोव्हेंबर २०२५मध्ये राज्य सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं, त्यातही गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव यांच्यासोबत वाशीमचं नाव आहे. मानोऱ्याकडच्या आडबाजूच्या तांड्यांना उपग्रहाचा उपयोग व्हावा, मला मनापासून वाटतं. पण ताईंच्या गल्लीला आभाळातून काही यायची गरज नाही. रस्ता ओलांडून केबल आली की पुरे.

अमेरिकेतही हाच वाद आहे. तिथल्या दूरसंचार आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये नियम केला, की उत्पन्न किंवा वंश पाहून इंटरनेट देण्यात भेदभाव चालणार नाही, आणि हेतू नसला तरी परिणाम तसा होत असेल तर तोही तपासला जाईल. कंपन्या लगेच कोर्टात गेल्या. मला त्यातला परिणामाचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या फॉर्ममध्येही हेतू कुठेच लिहिलेला नव्हता.

आपल्याकडे २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्या जुन्या निधीचं नाव डिजिटल भारत निधी केलं. ग्रामीण आणि दुर्गम भागांसोबत सेवा कमी पोहोचलेले शहरी भागही त्यात घेतले. म्हणजे पेठेसाठी पैसा मागायला कायद्यात आता जागा आहे. पण कोणत्या वॉर्डात लाइन नाही, हे आधी कागदावर असावं लागतं.

कंपनीचं काम संपल्यावर एका केबलवाल्याने स्वतःच्या हिमतीवर पेठेत लाइन नेली. टीव्हीच्या केबलची त्याची वाट तिथे आधीपासून होती. लोक त्याला महिन्याचे पैसे देतात. हातात कमी असले तर दोन हप्त्यांत देतात, पण देतात. त्याच्याकडून मी गल्लीनिहाय जोडण्यांची यादी घेतली आहे. जिथे तोही पोहोचला नाही, तिथली घरं आम्ही तिघं-चौघं सध्या नोंदवतोय. या वेळी दार वाजवून विचारतो, आणि घरातल्यांनी जे सांगितलं तेच लिहितो. यादी झाली की नगर परिषदेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्जासोबत देणार आहोत.