आत्याच्या वहीत सगळ्यांची नावे होती

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितले. माईक हातात घेतला आणि "फार कष्टाळू होती, सगळ्यांना जीव लावायची" यापुढे मला काही सुचेना. एवढी वर्षे चळवळीत भाषणे ठोकणाऱ्या माणसाची ही अवस्था!

आत्या जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मली, लग्न होऊन धुळ्यात आली. नवरा लवकर गेला. तीन लेकरे, म्हातारी सासू आणि पत्र्याचे घर तिच्या एकटीवर आले. हंगामात कापूस वेचला. सातवी शिकलेली होती म्हणून पुढे अंगणवाडीत मदतनीस झाली. पोरे गोळा करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. सरकार त्याला पगार म्हणत नव्हते, मानधन म्हणत होते.

संध्याकाळी महिला मंडळ. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायची, जयंतीची वर्गणी दारोदार फिरून आणायची. आणि ३१ जुलै! १९३७ साली याच दिवशी बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामी होते, म्हणून दरवर्षी तिथे खान्देशातून माणसे येतात. आम्ही कार्यकर्ते स्टेज आणि बॅनर बघायचो. आत्या आणि तिच्या बाया आदल्या रात्रीपासून भाकरी थापायच्या.

काही वर्षांपूर्वी आम्ही स्मरणिका काढली. वर्गणीचा हिशोब आत्याच्या वहीतून घेतला. कोणी किती दिले, कोणाचे बाकी, सगळे नावानिशी. स्मरणिकेत अध्यक्ष आले, सचिव आले, मंडपवालाही आला. आत्या नव्हती. मी ओशाळून विषय काढला तर म्हणाली, "मन्हं नाव लिखीसन काय करशी?" तो तिचा साधेपणा आहे असे मी धरून चाललो. खरे म्हणजे ती माझी सोय होती.

मित्रांनो, 'सेवा' हा शब्द तपासून बघा. अंगणवाडीतल्या बाईला सरकार सेविका म्हणते, म्हणजे कामगाराचे हक्क द्यायला नकोत. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. सरकारवर आपण मोर्चे काढतो. पण आपल्या चळवळीतही बाईची भाकरी ही सेवा आणि पुरुषाचे भाषण हे कार्य, असाच हिशोब चालतो ना?

बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. १९४२ साली नागपुरात झालेल्या महिला परिषदेच्या अध्यक्षपदी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. स्टेजवर बाई होती, चुलीपाशी नव्हे! पुढे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले. ते १९८९ मध्ये आले. आपल्या गावातले, आपल्या गल्लीतले काम मात्र अजून बाकी आहे.

नाव छापणे ही फक्त सुरुवात. वर्गणी आणणाऱ्या बाईच्या हातात खर्चाचा निर्णयही पाहिजे, समितीत खुर्ची पाहिजे, माईक पाहिजे. आणि एखादी भाकरी पुरुषांनीही थापावी.

आत्याची वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात सगळ्या वस्तीची नावे आहेत, तिचे एकदाही नाही. येत्या ३१ जुलैला ती वही घेऊन मी मंडळातल्या म्हाताऱ्या बायांकडे बसणार आहे, यावेळी वर्गणीसाठी नव्हे. तुमच्या घरातली आत्या, आजी, माय अजून असेल तर आजच विचारा. पुण्यानुमोदनाची वाट बघू नका.

जय भीम!